मराठवाड्यातली स्कायडायव्हिंगची थरारकथा: उंची, सेकंद आणि सामान बरोबर बसवायला मदत हवी आहे

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. एक थरारकादंबरी लिहिते आहे. नायिका पॅराशूट रिगर आहे, म्हणजे पॅराशूटची घडी घालणारी आणि तपासणारी, मूळची धाराशिवकडची. मुख्य प्रसंग असा: हिवाळ्यातली सकाळ. नांदेडच्या धावपट्टीवरून छोटं विमान उडतं. आत पायलट आणि चार उडीवाले. वर गेल्यावर त्यातला एक पिस्तूल काढतो आणि विमान नैर्ऋत्येला बालाघाटाच्या डोंगराकडे वळवायला लावतो. झटापटीत नायकाच्या डोक्याला मार लागतो, तो बेशुद्ध होतो आणि खलनायक त्याला दारातून ढकलून देतो. नायिका मागोमाग उडी घेते, हवेत त्याला गाठते, त्याचं पॅराशूट उघडते, मग स्वतःचं.

प्रश्न असे आहेत. ती त्याला खरंच गाठू शकेल का, आणि किती सेकंदांत? हवेत बोलणं शक्य आहे का? पुढे तपासात पुरावा कशाचा? पडद्यावर चालतं म्हणून कागदावर चालवायचं नाही, असं ठरवलं आहे. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

उंचीमापक

ताई, आधी घड्याळ पक्कं करा. पोटावर, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाचा वेग साधारण १९० ते २०० किमी प्रतितास होतो, म्हणजे सेकंदाला ५४ मीटर. हा वेग लगेच येत नाही. पहिल्या १० सेकंदांत माणूस सुमारे १,००० फूट खाली येतो. त्यानंतर दर १,००० फुटांना साडेपाच सेकंद. हा एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की अर्ध्या चुका टळतात. १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत साधारण एक मिनिट मिळतं. तेवढ्यात दोन पानांचा संवाद बसत नाही.

बोलण्याचं उत्तर सरळ आहे: नाही. १९० किमीचा वारा कानावर आदळत असतो, शेजारच्याची किंकाळीसुद्धा ऐकू येत नाही. हातांच्या खुणा चालतात. मनगटाकडे बोट म्हणजे उंची बघ. तर्जनी सरळ रोखली म्हणजे आता उघड. आणि उघडण्याआधी दोन्ही हात डोक्यावर हलवायचे, म्हणजे वर कोणी असेल तर त्याने बाजूला व्हावं.

पॅराशूट उघडल्यावर मात्र सगळं शांत होतं. दोन कॅनॉपी, म्हणजे उघडलेली पॅराशूटं, जवळ असतील तर ओरडून बोलता येतं. हजारएक फुटांवर आलं की खालची कुत्री, मोटारपंप, कोणी कोणाला मारलेली हाक, सगळं स्पष्ट कानावर येतं. तुमचा संवाद तिथं ठेवा.

मांजराकाठचा

गाठणं शक्य आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या कूलिजला टक्कर होऊन बेशुद्ध पडलेल्या एका उडीवालीला प्रशिक्षकाने हवेत गाठून तिचं पॅराशूट उघडलं होतं. त्यामुळे प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटणार नाही. प्रश्न फक्त ती किती सेकंदांनी उडी मारते याचा आहे. ती १० सेकंदांनी निघाली तर तो १,००० फूट म्हणजे ३०० मीटर पुढे असेल. डोकं खाली करून गेली तर ती २७० किमीने जाईल. पंधरा सेकंदांत गाठेल.

उंचीमापक

मांजराकाठचा भाऊ, इथे एक गफलत आहे आणि ती सगळेच करतात. ती दारातून निघते त्या क्षणी तो ३०० मीटर खाली असतो हे बरोबर. पण तिला वेग धरायला वेळ लागतो, आणि तोवर तो पूर्ण वेगाने पुढे जात असतो. दोघांचा वेग सारखा झाला की अंतर भरतं १० गुणिले ५४, म्हणजे ५४० मीटर. शिवाय आडवं अंतर असतंच. विमान थांबलेलं नसतं. उडीसाठी वेग कमी केलेलं विमानही सेकंदाला ४० मीटर पुढे जातं. १० सेकंदांत ४०० मीटर झाले.

आता ताईंचा प्रसंग मांडू. डोकं खाली करून २७० किमी म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. दोघांतला फरक २१ मीटर. ५४० भागिले २१ केलं की २६ सेकंद होतात. त्याआधी वेग धरायला ८–१० सेकंद, शेवटी वेग मारून शेजारी यायला ६–८ सेकंद, आणि सुरुवातीचे १० तर गेलेलेच. बेरीज पन्नाशीच्या वर जाते. काम संपलं.

म्हणून तिला ४ सेकंदांत बाहेर काढा. मग उभं अंतर २१६ मीटर, आडवं १६०. वेग धरायला ८–१०, अंतर तोडायला १०–१२, शेजारी येऊन पकडायला ६–८. पंचवीस ते तीस सेकंदांत ती त्याच्यापाशी असेल. एक अट आहे: पायलटने वेग आधी कमी केलेला हवा. नेहमीच्या प्रवासी वेगात, म्हणजे सेकंदाला ७०–७५ मीटर जाताना दार उघडलं, तर ४ सेकंदांतच ३०० मीटर आडवं अंतर पडतं. पायलट मुद्दाम पॉवर मागे ओढतो आणि नाक किंचित वर धरतो, हे एका वाक्यात लिहिलंत तर तोही कथेतलं पात्र होईल.

मांजराकाठचा

मान्य. माझा हिशेब चुकला होता. उभ्या अंतराचा हा मुद्दा ताईंनी जरूर वापरावा.

रिगरूम

मला पायाचाच प्रश्न पडला आहे. नायिका उडी मारतेच कशाला? आजकाल जवळजवळ प्रत्येक रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या संचात, एएडी असतं: आपोआप रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडणारं उपकरण. जर्मन बनावटीचं सायप्रेस १९९१ मध्ये आलं आणि तेव्हापासून बेशुद्ध माणसाचा जीव वाचवणं हेच त्याचं काम. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत असतं. अनुभवी लोकांच्या मॉडेलमध्ये जमिनीपासून २२५ मीटरवर, म्हणजे ७५० फुटांवर माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर आतलं छोटं स्फोटक पातं रिझर्व्हची पिशवी बंद ठेवणारा दोरीचा लूप कापतं. पिन ओढली जात नाही, लूपच कापला जातो. स्प्रिंगचा पायलट च्यूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, उसळतो आणि रिझर्व्ह बाहेर येतं.

म्हणजे तुमचा नायक ती गेली नाही तरी वाचेल. हे ज्याला माहीत आहे तो वाचक पुस्तक तिथेच मिटेल. आणि एएडी "बंद पडलं होतं" असं लिहू नका, ती सगळ्यात स्वस्त पळवाट आहे.

तेरणाकाठ

हा तर गाभ्यालाच धक्का आहे. मग काय करावं?

वाराबघ्या

ताई, काही बदलू नका. उत्तर तुमच्या प्रसंगातच पडलं आहे. विमान नांदेडहून उडालं आणि बालाघाटावर गेलं, एवढं पुरेसं आहे.

नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, साधारण ६५० मीटर. फरक २९० मीटर, ढोबळमानाने ९५० फूट.

एएडी सुरू करायचं ते जमिनीवर, विमानात कधीच नाही. सुरू करताना ते तिथला हवेचा दाब घेतं आणि तीच आपली जमीन मानतं. नांदेडला सुरू केलेल्या उपकरणासाठी जमीन म्हणजे ३६० मीटर. ते कापणार कुठे? ३६० अधिक २२५, म्हणजे समुद्रसपाटीपासून ५८५ मीटरवर. धाराशिवची माती त्याच्याही ६५ मीटर वर आहे. उपकरण एकदम ठणठणीत, बॅटरी भरलेली, पडद्यावर शून्य नीट आलेलं, आणि तरीही माणूस जमिनीवर आदळेपर्यंत ते गप्प बसेल. त्याच्या हिशेबाने वेळच आलेली नसते.

कोणी बिघडवलं नाही, कोणी विसरलं नाही. पठार उंच आहे, एवढंच. ही गोष्ट आपल्याकडच्या भूगोलात नेमकी बसते म्हणून मला फार मोलाची वाटते.

रिगरूम

वाराबघ्या सर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तपशील जोडतो. उतरायची जागा वेगळ्या उंचीवर असेल तर तेवढा फरक उपकरणात आधी भरता येतो, पण तो सुरू करताना जमिनीवरच. विमानाने वाटेत दिशा बदलली तर वर काही करता येत नाही. त्यामुळे "तिने पटकन बटण दाबून दुरुस्त केलं" असं लिहू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. धाराशिवला सुरू करून नांदेडवर उडी मारली तर ते नांदेडच्या जमिनीपासून ५१५ मीटरवर, म्हणजे जवळजवळ १,७०० फुटांवर कापेल. कोणी उशिरा मुख्य पॅराशूट उघडत असेल तर दोन्ही एकदम बाहेर येतील. दोन कॅनॉपी एकमेकींपासून फाकून जमिनीकडे तोंड करून खेचू लागल्या तर तो सगळ्यात वाईट प्रकार.

टँडेमच्या, म्हणजे दोघांनी एकत्र बांधून मारायच्या उडीच्या, मॉडेलची उंची १,९०० फूट असते. ते या प्रसंगात धाराशिववर ९५० फुटांवर कापेल, उशिरा पण कापेल. म्हणून नायकाच्या पाठीवर टँडेमची रिग देऊ नका, नाहीतर पुन्हा तोच प्रश्न येईल.

उंचीमापक

हीच चूक मनगटावरच्या, उंची दाखवणाऱ्या मीटरमध्येही आहे, आणि थरार खरा तिथं आहे. सगळ्यांचे मीटर नांदेडला शून्य केलेले. धाराशिवच्या जमिनीवर टेकलं तरी काटा ९५० दाखवत असेल. मीटर ३,००० म्हणतो तेव्हा खाली खरे २,०५० फूट उरलेले असतात.

हेल्मेटमध्ये कानाशी वाजणारं उंचीचं यंत्र असतं. समजा तिने ते ४,५००, ३,५०० आणि २,५०० वर लावलं आहे. पहिली शिटी वाजेल तेव्हा खरी उंची ३,५५०. दुसरी २,५५०. तिसरी १,५५०. म्हणजे पहिली शिटी ही तिच्यासाठी जवळजवळ शेवटची. नायिका धाराशिवची आहे, नांदेड खाली आहे आणि आपलं गाव वर हे तिला अंगवळणी पडलेलं. ती आकड्यातून हजार वजा करते. खलनायक बाहेरचा, तो काट्यावर विश्वास ठेवतो.

पूर्ण वेळ मांडतो. मीटर १२,००० दाखवत असताना नायक बाहेर. खरी उंची ११,०५०. तिथून खऱ्या ३,००० पर्यंत ८,०५० फूट. पहिले हजार १० सेकंदांत, उरलेले ७,०५० फूट ३९ सेकंदांत. एकूण ४९ सेकंद. ती ४ सेकंदांनी निघाली आणि तिला ३० लागले, तर हातात १५ सेकंद उरतात. प्रकरण या पंधरा सेकंदांवर उभं करा.

मांजराकाठचा

त्या १५ सेकंदांत काय करायचं ते लिहितो.

बेशुद्ध माणूस पोटावर छान पसरून पडत नाही. अंग ढिलं पडलं की तो पाठीवर वळतो, गिरक्या घेतो, हात मागे फडफडत राहतात. वेगही थोडा बदलतो. ती सरळ वरून त्याच्या अंगावर आली तर दोघंही उलटेपालटे होतील, आणि वेगाने धडकली तर तिचंच मनगट जाईल. आधी थोडं लांब, त्याच्याच पातळीवर येऊन वेग मारायचा. मग बाजूने सरकत जाऊन हार्नेस पकडायचा. कपडा पकडायचा नाही, तो हातात येतो नि सुटतो. एक हात मांडीच्या पट्ट्यावर, दुसरा खांद्याच्या. मग आपल्याकडे ओढून त्याला पोटावर वळवायचं. पाठीवर असताना पॅराशूट उघडलं तर दोऱ्या पायांत, हातांत अडकतात.

मुख्य पॅराशूटचा पायलट च्यूट बहुतेक रिगवर पाठीवरच्या पिशवीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो, छोटं हँडल लावलेला. तिने त्याच्या उजव्या बाजूला असायला हवं. ओढून वाऱ्यात सोडायचा. आणि लगेच बाजूला व्हायचं. वर थांबायचं नाही, कारण तो वेग कमी होऊन एकदम वर गेल्यासारखा येतो, त्याच्या कॅनॉपीत ती अडकेल.

उंची फार कमी उरली असेल तर मुख्यच्या भानगडीत न पडता त्याच्या डाव्या छातीवरचं चंदेरी हँडल, म्हणजे रिझर्व्ह. ते लवकर उघडतं. उजवीकडचं लाल हँडल हे मुख्य पॅराशूट तोडून टाकायचं असतं. घाईत लाल ओढल्याचा प्रसंग लिहायचा झाला तर तो जाणून लिहा: मुख्य अजून पिशवीतच असेल तर लाल ओढून काहीच उघडत नाही, फक्त ते पुढे उघडलं तर सुटून निघून जाईल.

तिचं स्वतःचं: ५ सेकंद बाजूला सरकत गेली तर ९०० फूट गेले. खऱ्या २,१०० वर तिने ओढलं, पूर्ण उघडेपर्यंत आणखी ७००. कॅनॉपीखाली ती १,४०० वर असेल. प्रशिक्षकांनासुद्धा विद्यार्थ्यामागे २,००० फुटांखाली थांबायची परवानगी नसते. तेव्हा ती नेमकी कडेवर आहे. तिने याहून खाली जाऊ नये.

तेरणाकाठ

मंडळी, कसे आभार मानू. खलनायकाचं काय होईल तेही दिसायला लागलं. एक विचारते. उघडल्यावर नायक बेशुद्धच आहे. तो उतरणार कसा? आणि विमानातली झटापट कुठे चुकते आहे?

रिगरूम

उतरण्याबद्दल. पॅराशूट घडी करताना ब्रेकच्या दोऱ्या अर्ध्या ओढून अडकवलेल्या असतात. जागा माणूस उघडल्यावर त्या सोडवतो. बेशुद्ध माणसाची कॅनॉपी तशीच अर्ध्या ब्रेकवर उडत राहते: हळू, जवळपास सरळ, वारा नेईल तिकडे. जमिनीजवळ ब्रेक ओढून वेग मारणं होत नाही. म्हणून तो जोरात बसेल. घोटा, पाय, कंबर यांपैकी काहीतरी मोडू शकतं. पण मोठी कॅनॉपी असेल तर जीव वाचण्याची शक्यता चांगली. मोठी म्हणजे किती ते सांगतो. माणूस ७५ किलो, सामान ११ किलो, एकूण ८६ किलो म्हणजे १९० पौंड. १९० चौरस फुटांच्या कॅनॉपीखाली पौंड आणि चौरस फूट यांचं प्रमाण एकास एक. हे सौम्य. तोच माणूस १२० फुटीखाली बेशुद्ध असेल तर वाचणं अवघड. नायकाला मोठी कॅनॉपी द्या आणि आधीच्या प्रकरणात रिग भरताना तो आकडा वाचकाला दिसू द्या.

झटापटीबद्दल थोडक्यात. सेसना १८२ मध्ये पायलट सोडून चारच उडीवाले मावतात, पायलटची सोडून बाकी आसनं काढलेली असतात, उभं राहता येत नाही. गुडघ्यांवरची झटापट लिहा. केबिनमध्ये दाब भरलेला नसतो, त्यामुळे गोळीने भोक पडून कोणी बाहेर ओढलं जात नाही. भीती पायलटला लागण्याची आणि पंखातल्या इंधनाची.

त्याहून मोठी भीती दुसरी आहे. झटापटीत कोणाची रिझर्व्हची पिन निसटली आणि स्प्रिंगचा पायलट च्यूट दारातून बाहेर गेला, तर तो माणूस त्याच क्षणी बाहेर गेला पाहिजे. राहिला तर कॅनॉपी शेपटीत अडकून विमानच पडेल. कापड आतच असेल तर छातीशी दाबून धरायचं, दार बंद करायचं आणि विमानासोबत उतरायचं. पिस्तुलापेक्षा हा पांढरा कापडाचा गोळा जास्त घाबरवतो.

आणि नायिका रिगर आहे तर तिचे हात दाखवा. पायलट च्यूटच्या पट्टीला एक बारीक खिडकी असते, त्यात रंगीत खूण दिसली म्हणजे आतली दोरी ओढून च्यूट तयार केलेला आहे. खूण दिसली नाही तर च्यूट वाऱ्यात फुगत नाही, चिंधीसारखा मागे लोंबतो आणि पिशवी उघडत नाही. एवढ्या नखाएवढ्या रंगावर सगळं अवलंबून. तपासणी तीनदा: रिग घालण्याआधी, विमानात चढण्याआधी, दार उघडण्याआधी. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. ती कटअवेच्या, म्हणजे मुख्य पॅराशूट तोडणाऱ्या, पिवळ्या केबलवर आणि तीन कड्यांच्या कुलुपात बसते, ओढताना जड जातं. केबल पुसून हलकं तेल लावणं हे तिचं नेहमीचं काम असेल.

शिवारातला

ताई, उतरायच्या जागेचं आमच्याकडं लई बारीक आहे, ते शहरातल्या माणसाला कळत नाही म्हणून लिहितो.

डिसेंबर–जानेवारीत पठारावर शाळू उभा असतो, डोक्याएवढा. वरून ते हिरवं सपाट मैदान दिसतं. उतरणारा कणसांच्या शेंड्यालाच जमीन समजतो आणि लवकर ब्रेक ओढतो, किंवा उलट, शेंडे विसरून उशिरा. नांगरून ढेकळं पडलेलं रान असेल तर बेशुद्ध माणसाला ते बरं. ब्रिटनमध्ये नेदरेव्हनला २०१५ साली दोन्ही पॅराशूट मुद्दाम बिघडवलेली बाई ताज्या नांगरलेल्या रानात पडली नि वाचली.

विहिरी. जुन्या विहिरींना कठडा नसतो, काठावर बाभूळ नाहीतर घाणेरी वाढलेली असते, वरून काळा डाग दिसतो. त्याहून वाईट शेततळं. तळाला नि काठाला प्लास्टिक अंथरलेलं असतं. आत पडलेल्याला वर चढता येत नाही, पाय घसरतोच. पोहता येणारी माणसंसुद्धा त्यात गेली आहेत. अंगावर हार्नेस आणि वर भिजलेली कॅनॉपी असेल तर विचारूच नका. काठाला दोर बांधलेला असतो, नाहीतर ट्यूब टाकलेली. नसेल तर काठावरच्या माणसानं ठिबकची नळी दुहेरी करून टाकावी.

तारा. मोठ्या लाइनचे मनोरे दिसतात, पण शेतातल्या पंपाच्या तारा दिसत नाहीत. खांब शोधायचे आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धरून चालायचं. तारेत अडकलेल्याला कोणी हात लावायचा नाही. आधी उपकेंद्राला फोन करून लाइन बंद, मग बाकी. गावातलं पोरगं पळत येऊन पाय धरायला जातं आणि दोघं जातात.

आणि गावातले लोक चांगले असतात म्हणून धोका. दोघं बखोटीला, दोघं पायाला धरून उचलतील आणि पिकअपमध्ये टाकतील. मणका मोडलेला असेल तर तिथंच घात. नायिकेनं ओरडून थांबवावं: हेल्मेट काढू नका, मान हलवू नका, १०८ ला फोन लावा, आणि रुग्णवाहिका यायला उशीर होणार असेल तर दार किंवा बाज काढून आणा, त्यावर सगळं अंग एका रेषेत सरकवा.

वाराबघ्या

शिवारातला भाऊंचं प्रत्येक वाक्य खरं आहे. वाऱ्याचं जोडतो. सकाळची वेळ ठेवलीत ते बरोबर. मार्च ते मे दुपारी तापलेल्या रानातून वावटळी उठतात. उतरता उतरता वावटळीत सापडलेली कॅनॉपी शंभर फुटांवर मिटते, आणि तिथून सावरायला उंची नसते.

बालाघाटावर दोन जागा वाईट. एक म्हणजे पवनचक्क्यांची मागची बाजू, पात्यांनी घुसळलेला वारा लांबवर जातो. दुसरी कड्याची आडोशाची बाजू. वारा कड्यावरून घरंगळत खाली जातो आणि तिथं गोल फिरतो. नियम असा की कोणत्याही अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवा गढूळ धरायची. खलनायक तिथं सापडू शकतो.

नायक वाहत किती जाईल तेही मोजा. ३,००० फुटांवरून कॅनॉपी साधारण तीन ते चार मिनिटं हवेत असते. वारा सेकंदाला ५ मीटर धरला तर नुसत्या वाऱ्याने किलोमीटरभर, त्यात कॅनॉपीचा स्वतःचा वेग. ती १,४०० वर आणि तो तिच्या वर, म्हणजे ती आधी उतरते आणि तो तिच्या डोक्यावरून शेततळ्याकडे वाहत जाताना बघत धावते. धावताना तिची कॅनॉपी शाळूत तशीच पडलेली.

पंचनामा

तपासाचं उरलं आहे म्हणून लिहितो. खलनायक मेला असं धरू. त्याने मीटरवर २,५०० बघून ओढलं, खरी उंची १,५५०. उघडताना दोऱ्यांना पीळ पडला. अनुभवी माणूस १,८०० फुटांपर्यंत निर्णय घेतो: तोडायचं की ठेवायचं. त्याचा काटा १,८०० दाखवतो तेव्हा खरे ८५० उरलेले. त्याने मुख्य तोडलं, रिझर्व्ह पूर्ण फुगलं नाही.

पोलिस पाटलाची खबर, ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद, २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. पंचनामा करणाऱ्या अंमलदाराने आयुष्यात रिग पाहिलेली नसते. त्याला हा "दोरी तुटल्याचा" अपघात वाटतो. नायिकेचं ज्ञान इथे पुन्हा कामाला येतं. मीटर जमिनीवर ठेवला तरी ९५० दाखवतो, ही पहिली खूण: विमान इथलं नव्हतं. काटा हलण्याआधी फोटो काढून वेळ लिहायला हवी. एएडीचा लूप कापलेला नाही, पिन हँडलने निघालेली. काही उपकरणांत उडीची नोंद साठते, ती कंपनीकडे पाठवून वाचता येते. रिझर्व्हच्या पिनेला लाल दोरा आणि शिशाचं सील असतं, आत घडीच्या तारखेचं कार्ड. सील कोणाचं ते त्यावरच्या खुणेवरून कळतं.

घातपाताचं उपकथानक घेणार असाल तर कृती पायरीपायरीने लिहू नका, तपास लिहा. २००६ मध्ये बेल्जियममध्ये पॅराशूट बिघडवून झालेल्या खुनात आणि नेदरेव्हनच्या प्रकरणात रिग कोणाच्या हाताशी कधी होती हाच प्रश्न न्यायालयात महत्त्वाचा ठरला. कपाटाची किल्ली, घडीची नोंदवही, कोण कधी खोलीत एकटं होतं, हे कागद वाचकाला खिळवतात.

शिवारातला

एक विसरलो. तोडलेलं मुख्य पॅराशूट वाऱ्यावर लांब जातं. कोणाच्या तरी तुरीत पडेल. आमच्याकडं एवढं मोठं, हलकं, पाणी न धरणारं कापड सापडलं तर माणूस ठाण्यात नेऊन देत नाही, सोयाबीनच्या थप्पीवर झाकायला घेतो. दोऱ्या कापून जनावरांना दावं करतो. तपास आठवड्याने तिथं पोचेल.

पंचनामा

भाऊ, हे सोनं आहे. दोऱ्या कापलेल्या असल्या तर मग काय उरतं, रिगरूम सर?

रिगरूम

बरंच उरतं. पीळ पडून दोऱ्या एकमेकींवर घासल्या की त्या उष्णतेने चकाकतात, काही ठिकाणी वितळून कडक होतात. या दोऱ्यांचं सूत दीडशे अंशांच्या आसपास वितळतं, आणि घासून तेवढं तापायला क्षण पुरतो. कोयत्याने कापलेलं टोक स्वच्छ असतं, घासून तुटलेलं टोक कुरळं आणि काळपट. दाव्याला बांधलेली दोरी हातात घेऊन अंगठ्याने चाचपली तरी कडक गाठी लागतात. स्लायडर, म्हणजे दोऱ्यांवरून खाली सरकत उघडण्याचा झटका आवरणारं चौकोनी कापड, त्याच्या मेटलच्या कड्यांभोवती घासल्याचे डाग असतात. शेतकऱ्याने कापड साबणाने धुतलं असेल तर वरचा गुळगुळीत थर जातो, कापड हवा सोडायला लागतं, पण जळलेली रेघ जात नाही. नायिकेने थप्पीवरचं कापड सूर्याकडे धरून बघावं. रेघ कुठल्या दोऱ्यांपाशी आहे त्यावरून कुठल्या दोऱ्या घासल्या याचा अंदाज येईल.

तेरणाकाठ

सोयाबीनची थप्पी, त्यावर निळं-पांढरं कापड, आणि ती ते उन्हाकडे धरते. हे प्रकरण आज रात्रीच लिहायला घेते. एकच राहिलं: तो शेतकरी दोरी द्यायला तयार होईल का?

शिवारातला

नुसती मागितली तर नाही देणार. बदल्यात नवं दावं आणि एक ताडपत्री घेऊन जायला सांगा तिला, आणि आधी चहा घेऊ द्या.